ड्रमच्या माइकमधली बाई

टस्कंबिया, अलाबामा
१२ सप्टेंबर २०१९

डोरेथा,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे तुला कळलं असेल. तरीही तू ते फोडलंस, म्हणजे निदान पहिलं पान वाचशील असं धरून लिहिते.

एक्कावन्न वर्षांत मी तुला तीन पत्रं पाठवली. आई गेली तेव्हा, बाबा गेले तेव्हा आणि गेल्या वर्षी जुलैत माझा हर्शेल गेला तेव्हा. तिन्ही वेळा कुणी ना कुणी मेलं होतं. या वेळी कुणी मेलेलं नाही.

हर्शेलच्या रेकॉर्ड कंपनीकडून नॅशव्हिलची एक मुलगी येऊन गेली. जॅनेल नाव. तिशीची असेल, आपल्यातलीच. मला 'मिस व्हर्नीस' म्हणते आणि ताटात वाढलेलं टाकत नाही. त्यांना 'पाणी उतरेपर्यंत' या गाण्याची मूळ टेप सापडली आहे, सरकीच्या गोदामातल्या त्या स्टुडिओत केलेली. तिच्यात प्रत्येक माइकचा आवाज वेगवेगळा ऐकता येतो म्हणे.

"मिस व्हर्नीस, ड्रमच्या माइकमध्ये एक बाई आहे," ती म्हणाली.

"कसली बाई?"

"गाणारी. सबंध गाणंभर आहे. हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना ती पन्नास वर्षं ऐकू येतेय. काही जण तिला भूत म्हणतात."

"लोकांना काय, काहीही ऐकू येतं," मी म्हटलं.

तुला तो दिवस आठवत असेलच. हर्शेलला गाणं अजून बसलं नव्हतं आणि वाजवणाऱ्यांना कुणीतरी गाऊन दाखवायला हवं होतं. तेवढ्यापुरती तू गाणार, मग तुझा आवाज पुसून त्या जागी हर्शेल गाणार, असं ठरलं होतं. तुला काचेच्या खोलीत उभी राहा म्हणाले. तू म्हणालीस, ड्रम तळपायातून वर आला नाही तर मला गाता येत नाही. चपला काढल्यास आणि ड्रमच्या शेजारी जाऊन उभी राहिलीस. तुझ्या माइकमधला आवाज त्यांनी नंतर पुसला. ड्रमच्या माइकमध्ये शिरलेला पुसता येईना, कारण त्याबरोबर ड्रमही गेला असता.

आता तो काढणारं यंत्र निघालं आहे. पुढच्या वसंतात सगळं स्वच्छ करून नवी रेकॉर्ड काढणार आहेत. कंपनीचा वकील म्हणतो, बिननावाच्या माणसाचा आवाज ठेवणं म्हणजे उद्याची कटकट. नाव आणि लेखी परवानगी मिळाली तर ठेवू, नाहीतर काढू. १५ ऑक्टोबरपर्यंत सांगायचं आहे. ती बाई कोण हे मला ठाऊक आहे का, असं जॅनेलनं विचारलं. विचार करून सांगते, म्हटलं.

तेव्हा ठेवायचा की काढायचा, एका ओळीत कळव. कारणं नकोत.

व्हर्नीस


२६ सप्टेंबर

डोरेथा,

कार्ड मिळालं. "काढून टाका. हर्शेल मॅब्रीच्या पाठीमागे उभं राहायची मला हौस नाही. डी." एक ओळ मागितली होती, तू दोन दिल्यास. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे पळत सुटलेलं.

तुझी इच्छा असेल तसं होईल. जॅनेलला कळवते. यापुढे तुला या बाबतीत ताप होणार नाही.

इकडचं सगळं ठीक. माउंट पिझ्गा चर्चचं छप्पर नवीन झालं. कॉयरची मुलं आता शब्द पडद्यावर बघून गातात, माना वर करून, कोंबड्या पाणी पितात तशी. लुडी क्रचर एक्क्याण्णव वर्षांची झाली, सगळं विसरते, पण तुला विसरत नाही. परवा चर्चमध्ये सर्वांसमोर मला म्हणाली, "गं व्हर्नीस, ती तुझी बहीण, गायला लागली की दिवे हलायचे, ती कुठंय?"

"ओहायोत."

"ओहायोत काय करते?"

"राहते."

"हां. ओहायोत दुसरं करणार तरी काय."

हसले सगळे. मी पण.

तुझ्या त्या दुसऱ्या ओळीबद्दल एवढंच लिहिते. "रेकॉर्डवर पाठीमागे ऐकू येते ती माझी आजी, तिला तिकीट लागत नाही," असं तो स्टेजवर म्हणायचा, ते तुझ्या कानावर आलंच असेल. लोक हसायचे. मी पहिल्या रांगेत बसून हसायचे. पण त्यानं दुसरं काय सांगायचं होतं? तुझं नाव घेतलं असतं तर बाबांनी त्याला घरात पाऊल टाकू दिलं नसतं. रेकॉर्डवर आपल्या घराचं नाव येता कामा नये, ही अट बाबांची होती, त्याची नव्हे. चाल सगळी तुझी, शब्द अर्धे तुझे, आणि छापलं गेलं फक्त त्याचं नाव, हे मला ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक होतं.

तू गोदामात गायलीस हे बाबांना त्यानंच सांगितलं, असं तू धरून बसली आहेस. मंगळवारी तो मला मागणी घालायला घरी आला आणि गुरुवारी बाबांना सगळं माहीत होतं. तू तसं का धरलंस ते मी समजू शकते.

ते जाऊ दे. गेलेल्या माणसाशी काय भांडायचं.

व्हर्नीस


६ ऑक्टोबर, रविवार

डोरेथा,

हे पत्र लिहिणार नव्हते.

काल दुपारी जॅनेल आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं आपला संगणक मांडला, दोन बाजूंना दोन स्पीकर. "मिस व्हर्नीस, आधी स्वच्छ केलेलं ऐका," म्हणाली आणि लावलं.

ड्रम असा, की खोलीत कुणी वाजवतंय. मग हर्शेल. त्याचा आवाज इतक्या जवळून मी चौदा महिन्यांत ऐकला नव्हता. हातातलं फडकं मी खाली ठेवलं. पहिलं कडवं होईपर्यंत मला दुसरं काही सुचलंच नाही.

मग काहीतरी खटकायला लागलं. आवाज त्याचाच, सूर बरोबर, पण पाहुणा दारात उभा राहून आत जाऊ की नको करतो तसा तो प्रत्येक ओळीच्या तोंडाशी थबकत होता. तो कशासाठी प्रसिद्ध होता ते तुला सांगायला नको. ताल पुढे जाऊ द्यायचा आणि मागून निवांत यायचं. 'तालाला थांबायला लावणारा माणूस' असं मासिकांत छापून यायचं. इंग्लंडचा एक प्रोफेसर त्याच्या त्या उशिरा येण्यावर दीड पान लिहून गेला. ते दीड पान मी शब्दकोश घेऊन चार वेळा वाचलंय. कालच्या त्या स्वच्छ गाण्यात तो उशिरा येत होता, पण कशासाठी ते कळत नव्हतं. कुणाची तरी वाट बघतोय आणि ते माणूस येतच नाही, असं वाटत होतं.

"तुम्हालाही जाणवलं ना?" जॅनेल म्हणाली. "माझी झोप उडालीय त्यानं. आता हे ऐका."

तिनं नुसता ड्रम आणि तुझा आवाज लावला.

एकोणीस वर्षांची तू. माझ्या टेबलावर.

मग तिनं हळूहळू हर्शेलला वर आणलं. तू 'पाणी' म्हणतेस, अर्ध्या श्वासानंतर तो 'पाणी' म्हणतो. तू श्वास घेतेस, मग तो घेतो. प्रत्येक ओळीला. दुसऱ्या कडव्यात तू चुकून 'घर'च्या जागी 'दार' म्हटलंस, तर तिथं तो थांबतो. हे असंच आहे की चुकलं, ते बघतो, आणि मग 'घर' म्हणतो. त्या थांबण्यावर प्रोफेसरानं अख्खा परिच्छेद लिहिला होता.

"हे उशीर करत नाहीयेत, मिस व्हर्नीस," जॅनेल म्हणाली. "हे तिच्या मागून जातायत. त्यांच्या हेडफोनमध्ये ती असणार. कोण आहे ही?"

मी म्हटलं, "बीन्स करपतायत." आणि शेगडीकडे गेले. बीन्स करपत नव्हत्या.

आता तुला एक सांगायचं आहे, ते सांगून टाकते. पहिलं पत्र मी तुला १२ तारखेला लिहिलं. आवाज काढायच्या कागदावर सही मी ९ तारखेलाच केली होती. 'गाणारी व्यक्ती अज्ञात' असं छापलेलं होतं, त्याच्या खाली. न वाचता केली म्हणायचीही सोय नाही. हर्शेलचे सगळे करार जन्मभर मीच वाचले. तुला विचारलं ते स्वतःला बरं वाटावं म्हणून. तू काढून टाका म्हणणार याची मला खात्री होती. तू कारणं लिहायला बसलीस तर मन बदलेल, या भीतीनं 'कारणं नकोत' असं घातलं.

का केली सही? त्याचं नाव माझ्याकडे उरलं आहे. दुसरं काही नाही. मूल नाही, हे घर आणि ते नाव. त्या नावाशेजारी तुझं नाव यावं असं मला वाटत नव्हतं.

हातात नऊ दिवस आहेत. आवाज काढू नकोस असं तुला म्हणायचं आहे, आणि तसं म्हणायला मला तोंड नाही. का नाही ते तुला अजून अर्धंच सांगितलंय. परवा लिहिते. आज जमणार नाही.

व्हर्नीस


८ ऑक्टोबर

डोरेथा,

बाबांना मी सांगितलं. हर्शेलनं नाही. मी.

सोमवारी, तू गायलीस त्या दुपारी, मी गोदामात सगळ्यांचं जेवण घेऊन आले होते. तू मला पाहिलं नाहीस. तुझे डोळे मिटलेले होते. हर्शेल काचेच्या अलीकडे होता, कपाळ काचेला टेकवून. तो तुझ्या तोंडाकडे बघत नव्हता. पायांकडे बघत होता. अनवाणी पायांकडे, पापणी न लववता. मी टोपली घेऊन पाच हातांवर उभी होते. त्याला पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी तो मला मागणी घालायला येणार होता, तसं ठरलेलं होतं.

पुरुष बाईच्या पायांकडे असा बघतो तेव्हा त्याचा अर्थ काय होतो ते मला कळतं, असं मला वाटलं. बावीस वर्षांची होते. काही कळत नव्हतं. परवा शनिवारी टेबलाशी बसून कळलं. तुझी टाच कधी उचलते ते तो बघत होता. आपण कधी यायचं ते तिथून घेत होता. एवढंच होतं ते. ती नजर मी एक्कावन्न वर्षं भलतीच समजून सांभाळली.

मंगळवारी तो आला, मी हो म्हटलं. बुधवारी दुपारी मी बाबांचा रविवारचा शर्ट इस्त्री करत होते. बाबा पेपर वाचत होते. मी म्हटलं, "डोरेथा सोमवारी कॉयरच्या तालमीला गेलीच नाही, बाबा. सरकीच्या गोदामात देवाची सोडून जगाची गाणी गात होती. अनवाणी."

'अनवाणी' हा शब्द मी मुद्दाम घातला.

बाबा एवढंच म्हणाले, "कॉलर नीट कर."

पुढचं तू भोगलंस. रविवारी त्यांनी तुला चर्चच्या सगळ्या मंडळीपुढे उभं केलं आणि चर्चचे डीकन म्हणून आरोप स्वतः वाचला. पोटच्या मुलीचा. मंडळीची माफी माग म्हणाले. तू म्हणालीस, "देवाच्या घरात ज्या आवाजात गाते त्याच आवाजात तिथं गायले. आता माफी कुठल्या आवाजाची मागू?" तू मधल्या वाटेनं चालत निघालीस. त्या दिवशी दारावरची सेवा माझी होती. पांढरे हातमोजे घालून मी उभी होते, आणि तू आलीस तेव्हा मी दार उघडून धरलं. ते माझं काम होतं.

तू थांबून म्हणालीस, "सिस्टर, हर्शेलला सांग, त्यानं हे चांगलं नाही केलं."

मी मान हलवली.

इथे थांबले असते तर बरं होतं. पण अजून एक आहे, आणि ते याहून वाईट आहे.

१९७४ साल. त्या एका गाण्यानंतर हर्शेलनं बावीस गाणी केली. एकही तसं झालं नाही. स्टुडिओतले लोक म्हणायचे, "मागे ओढ, हर्शेल, त्या गाण्यात ओढलंस तसं." तो ओढायचा आणि नुसताच चुकायचा. कार्यक्रमाआधी प्यायला लागला. मासिकवाल्यांनी लिहिलं, दारूनं याचा ताल नेला. मलाही तेच वाटायचं. एका सकाळी नाश्त्याला बसला, अंड्याला हात लावला नाही, आणि म्हणाला, "व्हर्नीस, डोरेथाला लिही. ये म्हणावं. नाव तिचं आधी घालू, माझं मागून. तुझ्या बाबांचं मी बघून घेतो. ती पुढे नसली तर मला गाण्यात शिरताच येत नाही."

मी म्हटलं, "लिहिते."

तीन आठवड्यांनी सांगितलं, "ती नाही म्हणाली."

मी लिहिलंच नव्हतं, डोरेथा. कागदसुद्धा काढला नव्हता.

तो म्हणाला, "बरोबर आहे तिचं." पुन्हा कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षी अॅल्युमिनियमच्या कारखान्यात लागला, चोवीस वर्षं भट्टीवर काम केलं, शनिवार-रविवार गायला. म्हातारपणी युरोपातून बोलावणी आली, तीही त्या एका गाण्यासाठी. नऊ देशांत तो ते गायला आणि प्रत्येक ठिकाणी मी पाहिलं, की सुरुवात करण्याआधी तो डावीकडे बघायचा. ड्रमवाल्याकडे बघतो असं मला वाटायचं.

काल मी जॅनेलला फोन करून माझी सही परत घेतली. म्हटलं, "त्या बाईचं नाव डोरेथा व्हॅन, आता डोरेथा गेन्स. माझी धाकटी बहीण. टोलीडोला असते. गाणंही तिचंच आहे."

पलीकडे खुर्ची सरकली. मग, "मिस व्हर्नीस, तुम्ही बसल्या आहात ना?"

"उभी आहे. तू लिहून घेतलंस का?"

१४ तारखेला, सोमवारी सकाळी दहा वाजता ती तुला फोन करेल. हे पत्र त्याआधी पोचावं म्हणून जलद टपालानं टाकते. वकील आता फक्त तुझा शब्द मानणार आहे. तू पुन्हा काढून टाका म्हणालीस तर ते काढतील, आणि मी एक शब्द बोलणार नाही. पण हर्शेलपायी काढू नकोस. त्यानं तुझं काही वाईट केलं नाही. काढायचा असेल तर माझ्यामुळे काढ.

व्हर्नीस


२३ ऑक्टोबर

डोरेथा,

सोमवारी, चौदा तारखेला, मी सकाळी आठपासून फोनशी बसून होते. फोन मला येणार नव्हता, तुला येणार होता, हे ठाऊक असून बसले. साडेअकरा वाजले तेव्हा वाटलं, नाही म्हणाली. नाही म्हणायला जास्त वेळ लागत नाही, हे लक्षात आलं नाही.

पावणेबाराला जॅनेलनं केला.

"मिस व्हर्नीस, एक तास दहा मिनिटं बोलल्या त्या. माझा कान लाल झालाय."

"काय म्हणाली?"

"पहिली वीस मिनिटं ड्रमवाल्याबद्दल. तो कधी गेला, कशानं गेला, त्याच्या बायकोनं पुन्हा लग्न केलं का."

"जॅनेल."

"ठेवा म्हणाल्या."

मी रिसीव्हर या हातातून त्या हातात घेतला.

"ऐकताय ना? आवाज ठेवा म्हणाल्या. आणि म्हणाल्या, त्याचा जरा खाली घ्या, पन्नास वर्षं बराच वर होता. मी हसले. मग लक्षात आलं की त्या हसत नाहीयेत."

तू घातलेल्या अटी तिनं मला वाचून दाखवल्या. नाव 'डोरेथा व्हॅन' असंच, गेन्स नाही, म्हणजे जे नाव बाबांनी रेकॉर्डवर येऊ दिलं नव्हतं तेच. गाणं करणाऱ्यांत ते आधी, हर्शेलचं नंतर. आणि 'भूत' हा शब्द कंपनीनं कुठेही छापायचा नाही. मी म्हटलं, बरोबर आहे.

मग ती जरा अडखळली. "आणखी एक विचारायला सांगितलंय, पण कसं विचारू कळत नाही."

"जसं सांगितलं तसं विचार."

"माझ्या बहिणीला अजून चहाड्या करायची सवय आहे का, असं."

मी म्हटलं, "सांग तिला, आता चहाडी ऐकायला आपल्याहून मोठं कुणी उरलं नाही."

तिनं ते तुला सांगितलं असेल. तू काय म्हणालीस ते मी विचारलं नाही.

काल ती कागद घेऊन आली होती. गाणं आधी तुझं आणि मग त्याचं, हे हर्शेलतर्फे मला मान्य आहे, अशा अर्थाचा. ती म्हणाली, "आता लोक लिहितील बरं का, मिस व्हर्नीस, की त्यांचं ते उशिरा येणं त्यांचं नव्हतंच." लिहू देत. मागून येणं त्याला आवडत होतं. नाश्त्याच्या टेबलावर त्यानं ते स्वतः सांगितलं होतं आणि मी ते पंचेचाळीस वर्षं दाबून ठेवलं.

कागद मी दोनदा वाचला. सही केली. सहीखाली 'गायकाशी नातं' असं लिहून एक रेघ ओढलेली होती. तिथं 'पत्नी' लिहिलं. मग वर बघितलं तर तुझ्या नावापुढे तशी रेघ नव्हती.

"इथे नातं लिहायला जागा नाही का?" मी विचारलं.

"कायद्याला त्याची गरज नाही, मिस व्हर्नीस."

"लिहिलं तर कागद बाद होईल?"

"बाद नाही होणार. पण कुणी वाचणारही नाही."

तुझ्या नावाशेजारी, समासात, मी 'बहीण' लिहिलं. त्या कागदाची एक प्रत तुलाही येईल.

व्हर्नीस